चोवीस खिळे

पेपरात आठवडाभर एकच:
देशातला घरबाजार बसला.
खाली उतरणारा लाल बाण,
शेजारी कुठल्याशा वाळूतले ओसाड बुरूज.

पेपर काखेत मारून मी
शारजात, रोलामधल्या आमच्या इमारतीत शिरते.
जिन्याखाली नातूर मोईनुल
किल्ल्यांची फळी दाखवतो:
चोवीस खिळे. किल्ली एकाही खिळ्यावर नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा मलबारी शिंपी
मंगळवारी गावी गेला.
बुधवारी त्याच्या भिंतीवरल्या खडूच्या मापांवर
दुसऱ्याच कुणाचा शर्ट लटकला होता,
भाडं दोनशेनं जास्त.

रत्नागिरीहून आतेभाऊ मुबीन विचारतो,
"आता स्वस्त झालं असेल ना गं? येऊ?"
मी पडद्याआडच्या खाटा मोजते.
चार. त्यातली एक दोघींची,
एक दिवसपाळीची, एक रात्रपाळीची,
गादी कधी गार होत नाही.

"पेपरात खरंच असेल रे," मी म्हणते,
"पण आमच्या जिन्यावर नाही आलंय अजून.
ये. आधी कुणीतरी जाऊ दे."

तो हसतो. मागे मिक्सर घरघरतो.

खाली मोईनुल
माझाच पेपर पसरून कांदा चिरतोय.
बाणाचं टोक तेवढं
सालीखाली दिसतंय.