चार मणी

मेडिकल चौकातल्या आमच्या लॅबमध्ये मे महिन्यात
सदतीस अंशांचं पाणी बाहेरच्यापेक्षा गार असतं.
मी नळी कलती करते. सरळ करते. पुन्हा कलती.
रक्तरस वाहतो, वाहतो,
आणि बाराव्या सेकंदाला वाहत नाही.
आत धागे पडलेले असतात.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले,
"म्हंजे मागच लागला की वं आतमधी."
गोळीबार चौकात चाळीस वर्षं धोटा फेकलेला माणूस.
आता त्यांच्याच पोटरीत कुणी भलतं विणून ठेवलंय,
पाय उशीवर.

दुसऱ्या नळीत मी टाकते
ग्लायसिन, प्रोलिन, आर्जिनिन, प्रोलिन.
चार मणी. प्रथिन म्हणवून घेण्याइतकेही नाहीत.
धाग्याच्या टोकाचं सोंग घेऊन
आधीच खाचेत जाऊन बसतात,
आणि खरा धागा दारात ताटकळतो.
बारा. वीस. चाळीस.
कूलर बंद पडतो. मी मोजत राहते.

शेजारी हातवार मॅडमच्या पेशी
प्राणवायूविना सहा तास काढून,
दुसऱ्याच एका साखळीच्या भरवशावर,
अजून बशीला धरून आहेत, निम्म्याहून जास्त.
का, ते मॅडमनाही ठाऊक नाही.

बाबांपर्यंत यातलं काही पोचणार नाही.
नळीपासून पोटरी
इथून गोळीबार चौकापेक्षा फार लांब आहे.
रात्री मोजे चढवताना सगळं सांगते तरी.
ते ऐकतात, अंगठा हलवून बघतात.
"अन् मंग कुठं कापलं तं?
थांबन का वं रक्त?"

वहीत लिहून ठेवलं. तारीख टाकली.