खांदा, आहे त्याहून मोठा

बोर्डावर लिहिलंय : फक्त लेडीज.
तरी भुजंग येऊन उभा राहिला
शटरच्या निम्म्या सावलीत, चप्पल बाहेर काढून,
कुणाच्या देवघरात यावं तसा.
जिनिंगच्या काट्यावर असतो तो.
सीझन नसतानाही पापण्यांवर पांढरी लव.

‘प्रयागमावशी, एक कोट शिवायचाय.’
आणि मोबाईल पुढं केला.

बाप्या की बाई, मी दोनदा विचारलं.
केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, अर्धे जांभळे, अर्धे रुपेरी.
काजळ इतकं की दहा पाळण्यांना पुरावं.
गळ्याला झालर, मनगटाला झालर,
बुटाची टाच वीतभर.
‘बाप्याच आहे. जपानचा. गिटार वाजवतो.
तिकडं गाणं आधी डोळ्यांनी ऐकतात.’

मी चष्मा पुसला.
बाप्याच्या छातीला टेप लावली नव्हती मी कधी,
एका सदऱ्यापुरती सोडून,
आणि तो सदरा घालणारा आता नाही.
भुजंग आपणहून भिंतीकडं वळला,
म्हणाला, ‘मागून घ्या.’

छाती चौतीस. कंबर सव्वीस.
खांद्याच्या वेळी त्यानं हात पसरले
आणि हवेत बोट लावून दाखवलं,
हाडाच्या पुढं वीतभर, दोन्हीकडं :
‘इथपर्यंत पाहिजे.’
वहीत लिहिलं :
खांदा, आहे त्याहून मोठा.

मखमल मोंढ्यात मिळाली,
बैलांच्या झुलीसाठी आणलेली,
पोळा सरला म्हणून अर्ध्या भावात.
काळी नव्हती. वांग्याच्या रंगाची घेतली.
झालर कुणाच्या तरी साखरपुड्याच्या घागऱ्यातून उरलेली.
खांद्यावरच्या झिरमिळ्या मोईनच्या चुलत्यानं दिल्या,
त्याच्या बँडच्या जुन्या युनिफॉर्मच्या,
सोनेरी, जरा हिरव्या पडलेल्या.
‘शंभर वराती बघितल्यात यांनी,’ म्हणाला,
‘जपून लाव.’

ट्रायलला पुतळा नाही माझ्याकडं.
म्हणून शटर ओढून मीच घातला.
लाईट गेलेली.
आरशात नुसते खांदे दिसत होते
आणि ते माझे नव्हते.
काढायची घाई मी केली नाही.

शनिवारी रिकाम्या जिनिंगमध्ये कार्यक्रम.
मानवतची साठेक माणसं : हमाल, काटेवाले,
तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दोन पोरी,
मोईनची आई लांब एका गठाणीवर.
ड्रम अर्धा बँडचा, अर्धा ऑईलच्या टाकीचा.
केसांना साबुदाण्याची खळ,
मी साड्यांना लावते तीच,
माझ्याकडूनच नेलेली, पातेल्यासकट.
पत्र्याखाली घाम असा की
तिसऱ्या गाण्याला तुरा कानावर आला
आणि उडत्या कापसानं भुजंग पांढरा होत गेला.

मागून कुणीतरी ओरडलं,
‘लिपस्टिक कुठली रे?’
त्यानं माईकमध्येच सांगितलं,
‘सतरा नंबर.’
मग हसणारे हसले, आणि मग हसायचे थांबले,
कारण तो गात होता.

शब्द जपानी. पण मधूनच ळ यायचा.
जपानीत ळ नसतो म्हणे;
मानवतच्या जिभेला कोण सांगणार?
एका जागी तो ओरडला,
भरली गाडी काट्यावर चढताना
खालचं लोखंड ओरडतं तसा.
मोईनच्या आईनं पदर तोंडाला लावला.
हसत होती की काय, मला दिसलं नाही.

सोमवारी कोट परत आला. कॉलरला काजळ.
लिंबू लावलं, रॉकेल लावलं. निघेना.
‘राहू द्या,’ म्हणाला,
आणि शिलाईचे तीनशे ठेवले, चारशे बाकी.
कामाला निघाला होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत,
तोंड घासून घासून लाल केलेलं.
डाव्या डोळ्याच्या कडेला मात्र
एक रेघ राहिली होती, बारीक, वर वळलेली.

मी सांगितलं नाही.