कस

तवंदीच्या घाटात तिसऱ्या वळणावर
गाडी आधी खोकली, मग तिनं मान टाकली.
पिशवीत संकेश्वरच्या पिग्मीचे चार हजार सातशे तीस,
पावतीपुस्तक, अर्धी भाकरी.
टाकीत पेट्रोल भरपूर,
हलवलं की डुचमळलेलं ऐकू येत होतं.
होतं, पण पोचत नव्हतं.

पाच मिनिटं थांबलं की चालू.
दोन खांब पुढं गेलं की बंद.
अशी हप्त्याहप्त्यानं निपाणी गाठली.

पायगोंडा मूळचा सदलग्याचा, गॅरेज अक्कोळ रोडला.
गाडीकडं न बघताच विचारतो,
"चढालाच मरती, का सपाटीला बी?"
चढाला, म्हटलं.
"मग उपाशी हाय. इंजिन काय करंल बिचारं."

नळी उपसून त्यानं फिल्टर उजेडाकडं धरला.
आतला पांढरा कागद
काताच्या रंगाचा झालेला.
"कस तुंबेति नोड," तो शिवबसूला म्हणाला,
आणि मला, मराठी शाळेत सातवी झालेल्या बाईला,
ऐकू आलं: कस.
सोन्याचा असतो तो. काळ्या रानाचा असतो तो.
त्याच्या तोंडात तोच शब्द म्हणजे
सकाळी झाडून उंबऱ्याबाहेर टाकायचा केर.
दोन्ही बरोबर.
कागदाच्या अलीकडं एक, पलीकडं एक.

पत्र्याच्या टेबलावर त्यानं तीन मांडले.
एक कारचा, मुठीत न मावणारा.
"ह्याला मागनं रेटणारा पंप लागतो.
तुमचं पेट्रोल आपल्या वजनानं उतरतंय तेवढंच."
दुसरा पितळी, चकचकीत.
"रुबाब बगा. पण पोटात काय चाललंय
ते बोलणार न्हाई."
तिसरा अंगठ्याएवढा, काचेसारखं प्लास्टिक,
पंचेचाळीस रुपये.
"ह्यो न्या. ह्याला लपवायला येत न्हाई."

सहाची नळी, सहाचंच तोंड.
सैल घेऊन क्लिप आवळत बसायचं नाही.
बाण इंजिनकडं.
गरम डोक्यापासून चार बोटं लांब, नळीला मुरड नको.
आणि आत बुडबुडा दिसला तर लगेच फोन करायचा नाही,
"अर्धा रिकामाच असतो तो. चालतंय की."

मी म्हटलं, कोगनोळीच्या पंपावर भरलं होतं परवा,
त्यांनीच काही मिसळलं असेल.
पायगोंडानं टाकी उतरवली,
उपडी केली जुन्या पातेल्यात, फडकं लावून.
तांबडा चुरा खाली बसला, ओलसर.
"पंपाला शिव्या देऊ नका.
गंज घरचा हाय."

मग बराच वेळ तो त्या फडक्याकडं बघत राहिला.
आमची अव्वा, म्हणाला,
पाणी गाळून झालं की कापड उलटं धरायची,
वरनं स्वच्छ पाण्याची धार,
आणि ते धुणं परत त्याच विहिरीत सोडायची, हळू,
घागर बुडेपर्यंत दोर ढिला करत.
अडकलेले जीव आपल्या घरी जायला पायजेत म्हणायची.
"ह्येला आता कुठली विहीर?"
शिवबसूनं चुरा डब्यात झाडला,
डब्यावर झाकण ठेवलं.

घाट आता तिसऱ्या गिअरवर चढते.
वळणावर अजून कान टवकारतात माझे,
गाडीचे नाही.
शनिवारी वसुली मोजून झाली की
बॅटरी मारून फिल्टर बघते:
तळाशी दोन-चार कण, कधी एखादा केसासारखा तंतू.
तीन हजार किलोमीटरला बदलायचा,
दिसायला चांगला असला तरी. बाकी पैसे वाचवायला
दुसऱ्या जागा आहेत.

पिग्मीच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवलंय.
बारा तारीख. एकेचाळीस हजार तीनशे सहा.
नवा फिल्टर, रुपये पंचेचाळीस.
खाली एक ओळ:
कस, थोडा.

कुठल्या भाषेत लिहिलाय ते
बँकेनं अजून विचारलेलं नाही.