ड वर्ग

आमचं वाचनालय ड वर्गात आहे.
शाळेतल्या ढ पोरासारखं नव्हे हो,
सरकारी कागदावर.

शुक्रवार पेठेत, तालमीच्या भिंतीला पाठ लावून.
पलीकडं बैठकांचे हुंकार, अलीकडं पंख्याची कुरकुर,
मधली भिंत एका विटेची, दोन्ही अंगांनी ओली.

अनुदान दोन हप्त्यांत येतं,
म्हणजे एक येतो आणि दुसरा येणार असतो.
तपासणीचे साहेब पुस्तकं मोजतात.
वाचकांनाही रकाना आहे,
तो मी भरते, निळ्या शाईनं, जरा फुगवून.

सरनाईक वकील म्हणतात, सोडा ती भीक.
वर्गणी वाढवा, माडीवर एसी अभ्यासिका काढा,
खुर्चीला महिना नऊशे.
दस्तगीर बागवान, मार्केट यार्डातला जुना हमाल,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
चारी पेपर लिलावाच्या नोटिशीपर्यंत वाचणारा,
मान वर न करता म्हणाला,
"नऊशे? मग मी उभ्यानं वाचतो."

बरं, मग सगळं सरकारलाच देऊन टाकू?
इंगवले हसले. "दवाखाना दिलाय की.
एक्स-रेचं मशीन बघून या."
आणि यादी वरनं येणार.
मागल्या साली आल्या एकाच पुस्तकाच्या सहा प्रती,
मत्स्यपालन.
रंकाळ्यावर बसून वाचा म्हणावं.

पंचगंगा पेठेत शिरली त्या रात्री
तालमीतली पोरं लंगोटावर धावत आली.
हातोहात कपाटं रिकामी, गठ्ठे माडीवर.
काही पानांवर अजून आहेत
आखाड्याच्या मातीची तांबडी बोटं.
कुणी विचारलं नाही, हे खासगी की सरकारी.

हे मी वर्धापनदिनाला सांगते. टाळ्या पडतात.
पण पूर काय रोज येत नाही.
रोज येतं ते वीजबिल,
आणि गठ्ठे वाहिलेली पोरं
नंतर पुस्तक न्यायला आलीच नाहीत,
एक सोडून. त्यानंही नेलेलं परत केलं नाही.

रात्री साडेआठ. कुलूप माझ्या हातात.
आश्लेषा चौगुले उठत नाही,
परीक्षेचं तिसरं वर्ष, डब्यात गार झालेली भाकरी.
म्हणते, "काकू, मी साहेब झाले ना,
की पहिली तपासणी तुमची."

ये बाई.
तो रकाना कोरा ठेवते.
फक्त मोजायला दिवसभर बस.