विकणे आहे

नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवस संपतो आमच्याकडे.
मग मी चुलाणात लाकडं सारायची, कॉफी ठेवायची
आणि ताइस्तोला घरं वाचून दाखवायची.
घेणार नव्हतोच आम्ही एकही.
पैसे नव्हते, आणि त्याचे डोळे तर
आदल्या हिवाळ्यातच गेले होते,
आधी कडा, मग मधलं सगळं.

"केमियार्वीजवळ जुनं रेल्वे स्टेशन.
गाडी बंद होऊन चाळीस वर्षं.
झोपायच्या खोलीत तिकिटाची खिडकी अजून आहे,
पितळी जाळीची."
तो सरसावून बसायचा.
"भांडण झालं की स्टेशनमास्तर बाहेर बाकावर झोपणार.
मध्यरात्री थंडीनं खिडकीवर टकटक.
बायको आतून विचारणार, कुठलं हवंय?
तो म्हणणार, आतलं.
एकच. परतीचं नको."

"साइमा सरोवराच्या काठी एक घर.
दोन सौना, पाठीला पाठ लावून. धुराडं एकच."
"भाऊ," तो म्हणाला. "एकमेकांचं तोंड न पाहणारे.
शनिवारी दोघंही तापल्या दगडांवर पाणी ओतणार.
भिंतीपलीकडून चर्र ऐकू आलं
की कळणार, आहे अजून.
एका शनिवारी नुसता आपलाच आवाज आला असेल."
पुढचं घर मी लगेच नाही उघडलं.

हामिनाचं ते पिवळं घर मात्र
तीन संध्याकाळी पुरलं आम्हाला.
वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीत दार;
खाली पायरी नाही, सज्जा नाही,
नुसती दहा फूट हवा.
झोपेत चालणारी मुलगी झाली,
शिडी घेऊन येणारा प्रियकर झाला,
जिना अरुंद म्हणून आजोबांची शवपेटी
दोरानं खाली सोडून झाली.
शेवटी न राहवून मी एजंटबाईला फोन केला.
सज्ज्याला पैसे उरले नव्हते, म्हणाली.
ताइस्तो दोन दिवस रुसला.
"असलं विचारायचं नसतं," म्हणाला.

खरं सांगते, त्यानंतर
मी फोटोंत भर घालू लागले.
न्हाणीघरात पियानो आहे म्हणायचे.
माळ्यावरच्या कपाटात बाईचा एकच बूट.
त्याला कळत असावं.
"कोणत्या पायाचा?"
एवढंच विचारायचा.

यंदा मार्चात सेल्मा आली कॅमेरा घेऊन.
बर्फ आहे तोवर फोटो काढून घेऊ, म्हणाली,
अंगणातली अडगळ झाकलेली असते.
खोल्यांतून भराभर फिरली
आणि स्वयंपाकघराच्या दारात अडली.
"ही दोरी?"

निळी, जाळी ओढायची, कंबरेइतक्या उंचीवर.
चुलाणापासून न्हाणीघर, तिथून मागचं दार,
तिथून लाकडांची खोपट.
वळणाला एक गाठ, उंबऱ्याला दोन,
आणि माझ्या खुर्चीपाशी तीन.
त्यानंच मारलेल्या, चाचपत,
मला "मध्ये येऊ नकोस" म्हणत.
हाताच्या तेलानं ती मधेमधे
काळी, मऊ झाली आहे.

"फोटोपुरती सोडूया का?" सेल्मा म्हणाली.
"लोक उगाच विचारात पडतात."
मी म्हटलं, पडू देत.

आता कुठेतरी, दिवस लवकर संपतो अशा गावात,
एखादी बाई मोठ्यानं वाचत असेल,
लाकडी घर, तीन खोल्या, विहिरीला पाणी,
खोलीखोलीतून दोरी.
समोरचा म्हणत असेल, घरातच होडी बांधत असणार.
किंवा, नवऱ्याला बांधून ठेवत असेल ती.
हसत असतील.
कॉफी गार होत असेल त्यांची.

दोघांतलं एक जण न राहवून फोन करणारच.
मी सेल्माला सांगून ठेवलंय,
दोरीचं विचारलं, तर माहीत नाही म्हण.
आणि न्हाणीघरात पियानो आहे का विचारलं,
तर हो म्हण.