साडेसहा

ऐकणे साडेसात. वाचणे सात. बोलणे सात.
लिहिणे साडेसहा.
सरासरी काढली तर सात भरतात,
पण त्यांना सात हवेत प्रत्येक खणात.
एका वाटीतलं जास्तीचं दुसरीत ओतता येत नाही.

म्हापशाच्या क्लासात एदविन सर बजावायचे,
गो दर्शनी, आलेख दिला की दिसतं तेवढंच लिही,
कारणं पदरची घालू नकोस.
दीडशे शब्द, वीस मिनिटं.

आलेख आला कुठल्याशा देशातल्या लोकरीचा.
रेघ चढत चढत जाते
आणि दोन हजार बाराला एकदम खाली.
मी लिहिलं, स्टीप डिक्लाइन.
पाळीला आमची खाण त्याच साली थांबली.
बाबांचा ट्रक फणसाखाली लावला तो लावलाच,
टायरांत आता अळू माजलंय.
हे लिहिलं नाही. दिसत नव्हतं ना आलेखात.

दुसरा प्रश्न: तरुणांनी गाव सोडावं का?
दोन्ही बाजू मांडा, मग आपलं मत द्या.
ऑन द अदर हँड लिहिताना पेन अडलं.
दुसरा हात म्हटलं की मला शीरच आठवते,
पहिल्या हाताची फुगली
की दुसऱ्यावर टिचक्या मारत शोधायची ती.
वेळ तिथंच गेला असणार.
मताला उरल्या चार ओळी,
आणि खरं सांगायचं तर मत नव्हतंच.

वाचनात एक पर्याय असतो,
बरोबर नाही, चूकही नाही:
उताऱ्यात दिलेलं नाही.
तो मला फार आवडायचा.
आई विचारते, कायमची जातेस?
उताऱ्यात दिलेलं नाही.
त्या साखळीच्या मुलाला काय कळवू?
उताऱ्यात दिलेलं नाही.
मग ती कुकरच्या शिट्या मोजायला आत जाते.

बोलण्याच्या परीक्षेला समोर एक बाई, चेहरा इस्त्री केलेला.
कार्डावर: तुमची भाषा न येणाऱ्या माणसाला
तुम्ही मदत केलीत, तो प्रसंग सांगा.
विचाराला एक मिनिट, बोलायला दोन.

मी सांगत गेले. बांबोळी, नाइट ड्युटी, खाट चौदा.
धारवाडकडची म्हातारी, रात्रभर एकच शब्द,
साकु, साकु.
मला वाटलं, साखर.
बोट टोचून शुगर तपासली. नॉर्मल.
तासाभरानं दुसरं बोट टोचलं.
ती माझ्याकडे बघत होती.
पहाटे फरशी पुसायला यल्लव्वा आली
आणि म्हणाली, सिस्टर, ती तुम्हाला

थँक यू, बाई म्हणाल्या.
दोन मिनिटं झाली होती.

साकु म्हणजे पुरे.

पुढची तारीख पणजीची मिळाली, अठरा.
फी भरून तशीच ड्युटीवर गेले.
चौदावर आता दुसरं कुणी आहे.
ऐकण्याची उजळणी करू नकोस म्हणतात सर,
तिथं तुझे साडेसात आहेत.