कैयल्लि

पावती कन्नडमध्ये होती.
बाबानं ती चहाच्या कपाखाली सरकवली
आणि म्हणाला, वाच बघू.

आमच्या घरात कन्नड मीच वाचते.
शाळेत सक्तीची, म्हणून.
लाईटबिल मी, रेशनचा मेसेज मी,
जमिनीचा उताराही मीच.

लुमाण्णा हुंदरे, वाचलं.
ण्ण बरोबर होता, त्यांना सवय असते.
गाडी टेम्पो. ठिकाण हिंडलगा.
वेळ चार वाजून सतरा मिनिटं.
गुन्हा –
इथं मी जरा थांबले.
कैयल्लि मोबाईल.

म्हणजे?

कै म्हणजे हात. अल्लि म्हणजे त्यात.
हातात, बाबा.

हातात कुठं, तो म्हणाला, कानाला होता की.
आई हसली.
कानाचं काही लिहिलं नव्हतं.
कानात कोण बोलत होतं
त्याला पावतीत रकाना नसतो.

चार वाजून सतरा मिनिटांनी
मी त्याला चार्टपेपर सांगत होते.
दोन पांढरे, एक आकाशी.
आकाशी नसला तर पोपटी चालेल,
पण गडद नको,
आणि घडी घालू नको, गुंडाळी करून आण –
असलं सगळं, सावकाश.
मध्येच ब्रेक लागला, लांबलचक,
मागं रताळ्याची पोती एकमेकांवर आपटली.
मग काहीच नाही.
मग तो म्हणाला, म्हैस. म्हैस आडवी आली.
आकाशी ना?

हा माणूस एक नोव्हेंबरला काळा शर्ट घालतो.
बसच्या पाटीवरून भांडलाय, बँकेच्या फॉर्मवरून भांडलाय,
मराठीत द्या, मग सही करतो, म्हणत
तासभर खिडकी अडवून उभा राहिलाय.
त्या दिवशी खेपेचं अख्खं भाडं दंडात गेलं
आणि हा कागदाच्या भाषेवर एक शब्द बोलला नाही.
पोलीसच म्हणे मोडक्या मराठीत म्हणाला,
पुढच्या बारीला जपून, मामा.
आणि बाबा म्हणाला, आयतु सार.
आपणहून.

रात्री भिंतीपलीकडून ऐकू आलं.
म्हैस नव्हती गं.
पोर होतं. सायकल थोरली,
नळीखालनं पाय घालून चालवूलालं.
हँडलला दुधाची किटली.
किटली गेली, पोर गटारीच्या कडेला पडलं.
उठलं. आधी दूध बघितलं, मग मला.
मी उतरून किटली उचलूलालो,
आणि दुसऱ्या हातातल्या फोनमधनं
आपली पोरगी सांगूलाली, पोपटी चालेल.

आई काय म्हणाली ते कळलं नाही.

चार्ट त्यानं आकाशीच आणला होता.
एका कोपऱ्याला ओशट डाग होता.
तो मी संध्याकाळीच, कंटाळून,
कात्रीनं कापून टाकला होता.

शिनोळीच्या पुढं फोनला पलीकडचा टॉवर लागतो.
पाट्या बदलतात,
नंबर व्यस्त आहे सांगणारी बाई बदलते.
दंड तिकडंही आहे, बाबा म्हणतो,
हात काय तिकडं गेल्यावर दुसरा होतो?

आता त्याचा फोन सीटखाली असतो,
गोणपाटाच्या चिंधीत गुंडाळलेला.
मी लावते. वाजू देते.
उचलत नाही, म्हणजे गाडीत आहे,
म्हणजे दोन्ही हात चाकावर.
एवढंच धरून मी ठेवते.
न उचलण्याचे आणखी अर्थ असतात,
ते मी
अंधार पडेपर्यंत वाचत नाही.